प्राथमिक आरोग्यसेवेतच करिअर करायचं ठरवलं तर?

पारिजात

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज मांडतेच.

एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपून आठ महिने झाले. बरोबरीचे सगळे पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, तयारीला लागलेत. मीही लागले आहे असं घरच्यांना वाटतं. पण पुस्तक उघडलं की मन इंटर्नशिपच्या त्या दोन महिन्यांकडे जातं, जे मी एका लहानशा आरोग्य केंद्रात काढले.

तिथला एक प्रसंग सांगते. एक आजी गुडघा धरून आल्या. डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारलं, "नातवाला परत झटका आला का?" मला वाटलं ओळखीच्या गप्पा चालल्यात. आजी गेल्यावर त्यांनी सांगितलं, की नातवाला फिट्स येतात, आईवडील दिवसभर कामावर असतात आणि त्याच्या गोळ्या न्यायला, वेळेवर द्यायला एकट्या आजीच. गुडघा आखडला की आजींचं इथवर चालत येणं बंद, म्हणजे पोराच्या गोळ्या चुकल्या. म्हणून त्यांनी आधी नातवाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून दिल्या आणि मग गुडघा बघितला. मोठ्या रुग्णालयात मी असे कितीतरी गुडघे पाहिले होते. त्या माणसावर घरी कोण अवलंबून आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतंय. घरी विषय काढला तर आई म्हणाली, "एवढं शिकून सर्दी-खोकल्याच्या गोळ्या देत बसणार?" आणि ज्यांना मी फार मानते ते सर म्हणाले, "दोन वर्षांत शिकलेलं सगळं विसरशील." आईचं बोलणं मी पचवलं. सरांचं मात्र सलतंय, कारण ते चूक आहेत असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

जे या कामात आहेत किंवा होते, त्यांनी खरं काय ते सांगा. खरंच विसरायला होतं का? पंधरा वर्षांनी माणूस कुठे पोहोचतो? आधी पीजी करून यावं की सरळ यावं? डॉक्टरच नव्हे, नर्स, फार्मासिस्ट, लॅबमधले, आरोग्यसेविका, सगळ्यांनी लिहा.

दूरचा_डोंगर

वाचतोय. बायको फार्मासिस्ट आहे, तिच्यापुढेही हाच प्रश्न आहे. वाचनखूण साठवली.

जुनी_नोंदवही

पारिजात, वयाच्या हिशोबाने अगं-तुगं करतो, चालेल ना? तेवीस वर्षं एकाच केंद्रात आहे.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. विसरायला होतंच. दुर्मिळ आजारांची नावं विसरलो, किचकट शस्त्रक्रियांच्या पायऱ्या विसरलो. ते लागलं तर पुस्तक आहे, फोन आहे. पण त्या बदल्यात एक गोष्ट शिकायला मिळते, जी कॉलेजात मला कुणी शिकवली नाही. ती म्हणजे आजाराचा पहिला दिवस.

मोठ्या रुग्णालयात माणूस पोहोचतो तोवर आजार पिकलेला असतो. पुरळ उठलेलं असतं, कावीळ डोळ्यांत उतरलेली असते, रिपोर्टची फाइल हातात असते. आपल्याकडे माणूस येतो तो नुसता ताप घेऊन. पहिल्या दिवशी बहुतेक ताप सारखेच दिसतात. तेव्हा आपलं काम नाव ठेवायचं नसतं. आज धोका आहे का, नसला तर तो कधी आणि कसा दिसेल, आणि दिसला तर या माणसाला तो ओळखता येईल का, हे ठरवायचं असतं. "काळजी घ्या" म्हणून पाठवणं म्हणजे काहीच न सांगणं. मी सांगतो, "उद्या संध्याकाळपर्यंत लघवी कमी झाली, ग्लानी आली, पाणीसुद्धा पोटात राहीना, यातलं एक जरी झालं तरी रात्र आहे की दिवस हे बघू नका, या." आणि मग त्यांच्याकडून तेच परत म्हणून घेतो. निम्म्या वेळा तरी परत म्हणताना एखादी गोष्ट गळालेली असते. ती तिथेच पकडायची.

माझ्या आयडीचं नाव उगाच ठेवलेलं नाही. पहिल्या वर्षापासून एक वेगळी वही ठेवली आहे. ज्यांच्याबद्दल मनात शंका राहते, फक्त त्यांची. तारीख, मला काय वाटलं, शेवटी काय निघालं, एवढेच रकाने. तिसरा रकाना भरण्यासाठी माणसाला शोधून काढावं लागतं, फोन करावा लागतो, कधी घरी जावं लागतं. अशा अकरा वह्या झाल्या. माझं खरं पीजी त्या वह्यांत आहे.

तिसऱ्या वहीत एक ओळ आहे. चौतीस वर्षांचा माणूस, छातीत जळजळ, जेवणानंतर वाढते. मी पित्ताचं औषध दिलं. ईसीजीचं मशीन पाच पावलांवर होतं, काढला नाही, कारण वय कमी आणि बाहेर रांग मोठी. तो वाचला तो त्याच्या बायकोमुळे. मी सांगितलेली धोक्याची लक्षणं तिने लक्षात ठेवली होती, घाम फुटल्याबरोबर ती त्याला घेऊन परत आली. हृदयविकाराचा झटका होता. त्या ओळीखाली लाल रेघ आहे आणि आजही रांग मोठी असली की मला ती रेघ दिसते.

आता जे विसरून चालणारच नाही त्याबद्दल. न रडणारं बाळ, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, न थांबणारे झटके, इंजेक्शननंतरची तीव्र ॲलर्जी. या गोष्टी क्वचित येतात, पण आल्या तर मिनिटांचा खेळ असतो. क्वचित येतात म्हणूनच हात विसरतात. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ओपीडी संपल्यावर वीस मिनिटं सराव करतो. मी इंजेक्शनच्या ॲलर्जीने खुर्चीत कोसळल्याचं सोंग घेतो. सिस्टर घड्याळ लावतात. ॲड्रेनॅलिनची कुपी कुठे आहे, प्रौढ माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. कोण देणार, कोण पाय उंचावणार, कोण फोन करणार. पहिल्यांदा केलं तेव्हा कुपी सापडायलाच चार मिनिटं लागली होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे. त्या दिवसापासून त्या कपाटाला कुलूप नाही.

पंधरा वर्षांनी माणूस कुठे पोहोचतो, यावर सावकाश लिहितो. पेशंट आलेत.

सिस्टर_वाटेवर

पारिजात मॅडम, मी नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीची सहा मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत, पुढची सगळी उपकेंद्र आणि आरोग्य केंद्रात. दोन्हीकडचं पाहिलंय म्हणून लिहिते.

आयसीयूत मॉनिटर सांगतो. इथे आपल्यालाच बघावं लागतं. लहान बाळाचा श्वास मोजणं घ्या. नव्या मुली येतात, पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. चुकतं. बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो. पूर्ण एक मिनिट मोजायला हवा. बाळ रडत असेल तर मोजायचाच नाही. आईला म्हणायचं, बस निवांत, पाज त्याला. ते शांत झालं, डोळा लागला, की झबलं छातीवर करायचं आणि पोटाकडे बघायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०. इतका किंवा याहून जास्त भरला तर श्वास जलद. मग छाती आत ओढली जाते का ते बघायचं. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही, एक मिनिट आणि सेकंदकाटा. या एका मिनिटावर न्यूमोनिया वेळेत कळतो.

दुसरी गोष्ट घरी जाण्याची. आमच्याकडे एक बाबा होते, मधुमेहाचे. साखर खालीच येईना. मोठ्या रुग्णालयात चार वेळा इन्सुलिन वाढवून दिलं. कागदावर "रुग्ण पथ्य पाळत नाही" असंही लिहिलेलं. मी एकदा सकाळी त्यांच्या घरी गेले, म्हटलं, बाबा, रोज घेता तसंच माझ्यासमोर घ्या. त्यांनी सिरिंज खिडकीच्या उजेडाकडे धरली, बाटली उभीच ठेवून दट्ट्या ओढला. सिरिंजमध्ये अर्ध्याहून जास्त हवा. त्यांना रेघाच दिसत नव्हत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इतकी वर्षं त्यांना कुणी "करून दाखवा" म्हटलंच नव्हतं, सगळ्यांनी "घेता ना?" एवढंच विचारलं. बाबा खरंच घेत होते.

मग आधी डॉक्टरांशी फोनवर बोलले. वाढवत नेलेला तो डोस आता खरोखर अंगात गेला असता तर साखर एकदम उतरली असती. डॉक्टरांनी डोस खाली आणला, सुनेला भरायला शिकवलं, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या तीन महिन्यांत साखर ताळ्यावर आली.

मॅडम, हे शिकायला कुठली पदवी लागते मला माहीत नाही. पण त्याच घरी पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी लागते. आयसीयूतून इकडे आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, खाली उतरलीस. मला एक दिवसही तसं वाटलं नाही.

परतलेला

गोड गोड वाचून कुणी उडी घेऊ नये म्हणून लिहितो. मी चार वर्षं केलं आणि सोडलं. संस्थेचं नाव घेणार नाही, त्याने आता कुणाचंच भलं होणार नाही.

डॉक्टरांच्या जागा दोन होत्या, चारही वर्षं दुसरी रिकामी. दिवसा ओपीडी, रात्री येईल ते. सुट्टीचा अर्ज केला की उत्तर एकच, "बदली माणूस मिळाला की जा." मिळालाच नाही. पहिलं दीड वर्ष मला त्याचा अभिमान होता, की माझ्यावाचून इथलं अडतं.

मग एका सकाळी, सलग तिसऱ्या जागरणानंतर, एका तान्ह्या बाळाच्या औषधाचा डोस लिहिताना माझा दशांश चुकला. दहापट लिहिलं. औषधाच्या खिडकीवर जे फार्मासिस्ट होते, ते काही न बोलता चिठ्ठी घेऊन आत आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, हा ठिपका जरा बघता का?" बाहेर आई बाळाला घेऊन उभी होती. तिला काही कळलंही नाही. मी चिठ्ठी बदलली, पुढचे वीस पेशंट पाहिले आणि मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दूरचा_डोंगर, तुमच्या पत्नीला हे नक्की सांगा. त्या खिडकीवरचा माणूस गोळ्या मोजायला बसलेला नसतो. त्या दिवशी ते बाळ त्यांनी वाचवलं.

पारिजात, काम वाईट नाही. एकट्याने करण्याची रीत वाईट आहे. जागा स्वीकारण्याआधी काही गोष्टी तोंडावर विचार. रात्री कोण वाटून घेणार? मी आजारी पडले तर खुर्चीत कोण बसेल? अवघड पेशंट असताना मी कुणाला फोन करायचा आणि तो उचलणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीचा डॉक्टर का गेला? त्याचा नंबर मिळव आणि त्यालाच विचार. मी विचारलं असतं तर कळलं असतं, की माझ्या आधीचेही याच कारणाने गेले होते.

पारिजात

तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. असं लिहायला सोपं नसतं. एक विचारू? परत जावंसं वाटतं का?

परतलेला

हो. दोघं असू तर उद्या.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही, सार्वजनिक आरोग्यातल्या आकडेवारीचं काम करतो. पारिजात यांच्या सरांचं वाक्य वाचून एक जुना हिशोब आठवला.

१९६१ साली अमेरिकेत केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. हजार प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात भरती होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो फक्त १. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी तोच हिशोब नव्याने केला. मधल्या काळात वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेलं होतं, तरी चित्र जवळपास तेच निघालं: ८०० जणांना लक्षणं, २१७ डॉक्टरकडे, ८ भरती, मोठ्या शिक्षण-रुग्णालयात एकापेक्षा कमी.

भावी डॉक्टर मात्र बहुतांशी त्या एकाच्या खाटेशेजारी शिकतात. सर खोटं बोलत नाहीत. त्यांनी आयुष्यभर तो एक माणूस पाहिला आहे, आणि त्याच्यासाठी लागणारी विद्या तुम्ही विसराल हे खरं आहे. डॉक्टरकडे जाणाऱ्या बाकीच्या २४९ जणांसाठी लागणारी विद्या वेगळी आहे, आणि त्यांच्या वॉर्डात ती दिसतच नाही.

दुसरा मुद्दा, एकाच जागी टिकण्याचा. नॉर्वेत प्रत्येक माणसाचा ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो आणि त्याची सरकारी नोंद असते. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवर २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांची तुलना जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांशी केली. रात्री-अपरात्री तातडीच्या सेवेकडे धावण्याची शक्यता ३० टक्क्यांनी कमी, भरती होण्याची २८ टक्क्यांनी कमी, मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी. असल्या अभ्यासात कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होत नाही, हे मी माझ्या धंद्याला जागून सांगतो. जे डॉक्टर बदलत नाहीत ती माणसंच मुळात वेगळी असू शकतात. पण ओळखीची वर्षं वाढत जातात तसा फायदाही पायरीपायरीने वाढत जातो, आणि मला ते दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

पंधरा वर्षांनी कुठे पोहोचतो, याचं माझ्या वाचनातलं उत्तर म्हणजे इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका खोऱ्यात काम करणारे विल्यम पिकल्स. खेड्यातले डॉक्टर, आयुष्यभर तिथेच. खोऱ्यातलं प्रत्येक घर ओळखीचं, त्यामुळे कोण कुणाला कधी भेटलं हे ते शोधून काढू शकत. काविळीच्या साथीत संसर्ग झाल्यापासून आजार दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे त्यांनी अशा भेटीगाठींच्या तक्त्यांवरून काढलं. बायको तक्ते काढायला मदत करत असे. शहरात, जिथे माणूस दिवसात शेकडो अनोळखी लोकांना भेटतो, तिथे हे काढणं अवघड होतं. पुढे ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचं कॉलेज, म्हणजे त्यांची व्यावसायिक संस्था, स्थापन झालं, त्याचे पहिले अध्यक्ष तेच.

वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनीही असंच काम केलं. पेशंट येण्याची वाट न बघता त्यांनी गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजून काढला आणि पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलेला नियम आजही शिकवला जातो: जिथे आरोग्यसेवेची गरज जास्त, तिथेच ती चांगली मिळण्याची शक्यता कमी. खाणीच्या गावात राहून त्यांना ते दिसलं.

उंबरठा

मी आरोग्यसेविका आहे, घरोघर फिरते. इतकं सगळं वाचून एकच वाटलं. डॉक्टर-नर्सपर्यंत गोष्ट आली, पण उंबरठ्याच्या आतलं बऱ्याचदा आम्हाला आधी कळतं. बाई गरोदर आहे हे, नवरा मारतो हे, टीबीच्या गोळ्या डब्याखाली दडवल्यात हे.

आमच्या प्रशिक्षणात जामखेडचं सांगतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळ ऊबेत कसं ठेवायचं, श्वास न घेणाऱ्या बाळाला काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. १९९९ मध्ये त्याचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. जिथे हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

डॉक्टरताई, तुम्ही आलात तर आमच्याकडून आलेली चिठ्ठी वाचा. अक्षर वाईट असतं, शब्द चुकतात. पण "या बाईला तुम्हीच बघा" असं आम्ही लिहितो तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, जे ती रांगेत सगळ्यांसमोर बोलणार नाही.

दूरचा_डोंगर

उंबरठाताईंना अनुमोदन. परतलेला, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री मुलाखतीचा फॉर्म भरला.

जुनी_नोंदवही

उरलेलं लिहितो.

परतलेला, तुमचं वाचून काल झोप लागली नाही. मी टिकलो यात माझं मोठेपण काही नाही. तिसऱ्या वर्षी दुसरी डॉक्टर आली आणि ती अजून आहे. आम्ही रात्री वाटून घेतो, एकमेकांच्या चिठ्ठ्या बघतो. ती आली नसती तर मीही गेलो असतो. तुमच्यासारखा दशांश माझाही चुकला असता, आणि तो पकडायला समोर कुणी असतंच असं नाही.

पारिजात, म्हणून माझा सल्ला असा, की जागेपेक्षा माणसं आधी बघ. शिवाय मोठ्या रुग्णालयातला एक फिजिशियन आणि एक बालरोगतज्ज्ञ आपला करून घे. ते फोन उचलतील की नाही हे आपल्या चिठ्ठीवर ठरतं. "कृपया पाहावे" एवढंच लिहून पेशंट पाठवला तर त्यांनी का मान द्यावा? मी लिहितो, का पाठवतोय, कशाची शंका आहे, किती वाजता काय दिलं, घरी कोण आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, काय निघालं. पहिलं वर्ष ते त्रासले. आता तेच आपणहून सांगतात, आणि माझा तिसरा रकाना भरतो.

पीजीबद्दल. फॅमिली मेडिसिन ही स्वतंत्र शाखा आहे. या कामासाठीच आखलेली आहे, मिळत असेल तर जरूर कर. मी शिकलो तेव्हा मला माहीतही नव्हती. मिळत नसेल, किंवा आत्ता पुन्हा परीक्षेला बसायचं त्राण नसेल, तर वर्षभर बालरोग आणि प्रसूती विभागात नोकरी करून हात पक्का कर आणि मग ये. सरळ एकटीने येऊ नकोस, एवढं मात्र निक्षून सांगतो. आणि हा निर्णय जन्माचा नाही. तीन वर्षांनी पीजीला गेलेले माझ्याकडचे दोघं आहेत. आपण कशासाठी शिकतोय हे त्यांना तोवर पक्कं कळलं होतं.

पंधरा वर्षांनंतरचं माझं सांगतो. हुद्दा तोच आहे, खोटं कशाला सांगू. पण एके वर्षी रजिस्टर घेऊन बसलो तेव्हा दिसलं, की रक्तदाबाचे आमचे पेशंट दरवर्षी ठरावीक दोन महिन्यांत गायब होतात. इतकी वर्षं मी त्यांना गोळ्या बंद केल्या म्हणून रागावत होतो. ते शेतीच्या हंगामाचे महिने होते. दिवसाची मजुरी बुडवून गोळ्यांसाठी कोण येणार? आता हंगामाआधीच तीन महिन्यांच्या गोळ्या देतो. गळती बरीच कमी झाली. हे मला पाचव्या वर्षी दिसलं नव्हतं, दहाव्याही नाही. आता दरवर्षी इंटर्न येतात आणि त्यांना मी सगळ्यात आधी रजिस्टर वाचायला बसवतो. तुझे ते आजींचे डॉक्टर आहेत ना, त्यांना भेट. त्यांनाही असं बरंच दिसलेलं असणार.

पारिजात

उशिरा लिहिते आहे, पण सांगण्यासारखं घडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आजींच्या डॉक्टरांना भेटून आले. त्यांच्या केंद्रात दुसरी जागा या महिन्यात रिकामी होतेय. परतलेला यांनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारले. जाणाऱ्या डॉक्टरांनाही फोन केला. त्या फॅमिली मेडिसिनला चालल्या आहेत, म्हणाल्या, "सुट्टी मिळते, भांडावं लागत नाही, पण पावसाळ्यात रात्री जड जातात." हे खरं वाटलं म्हणून विश्वास बसला. आधी सहा महिने बालरोग विभागात काम करायचं ठरवलं आहे, तोपर्यंत आजींचे ते डॉक्टर एकटे निभावतील. त्यांना विचारलं, जमेल का? म्हणाले, "सहा महिने जमेल, सात नाही." तारीख लिहून दिली आहे.

आई अजून नाराज आहे. तिला सिस्टरताईंचा, त्या मधुमेहाच्या बाबांच्या इन्सुलिनचा, प्रतिसाद वाचायला दिला. तिने वाचला आणि विचारलं, "इतकी वर्षं कुणीच करून दाखवा म्हणालं नाही?" एवढंच.

सिस्टरताई, आणि मला मॅडम नका म्हणू. पहिल्या आठवड्यात मी काय करावं, काय करू नये?

सिस्टर_वाटेवर

बरं, पारिजात. कपाटातली एकही वस्तू हलवू नकोस. नवीन डॉक्टर आले की पहिलं कपाट आवरतात. रात्री वीज गेली तरी तिथल्या सिस्टरचा हात अंधारात बरोबर त्या कुपीवर जातो, तो तसाच जाऊ दे. बदलायचं असेल तर महिन्याने, तिला विचारून. उंबरठाताईंसारख्या ज्या कुणी तिथे असतील, त्यांच्याबरोबर एक पूर्ण दिवस घरं फिर, एप्रन न घालता. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घे. मोबाइल लागतो खरा, पण बाळाच्या पोटाकडे बघता बघता नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो.